टॉमी जॉनचं कोपर

टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे कोपरातला तुटलेला बंध नव्याने घडवणारी शस्त्रक्रिया, करून घेतली की चेंडूचा वेग वाढतो, असा समज अमेरिकेत बेसबॉलवेड्या घरांत चांगलाच रुजला आहे. धडधाकट मुलाच्या कोपरावर ती करता येईल का, असं विचारणारे पालकही डॉक्टरांना भेटतात. हे वाचलं की जीव कळवळतो.

टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. १७ जुलै १९७४ रोजी चेंडू टाकताना त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, तुटलं. तेव्हा अशा पिचरची कारकीर्द तिथेच संपायची.

ते तुटतं कसं? पिचरचं धड पुढे वळतं तेव्हा कोपर वाकलेलं असतं आणि मनगट अजून मागेच राहिलेलं असतं. मग दंड खांद्यात स्वतःभोवती गर्रकन फिरतो, सेकंदाला सुमारे ७००० अंश या गतीने! त्या हिसक्याने कोपराचा सांधा आतल्या बाजूने उघडू पाहतो. त्यावर सुमारे ६४ न्यूटन-मीटर पीळ येतो. मृतदेहांवरच्या चाचण्यांत हे लिगामेंट त्याच्या जवळपास निम्म्या पिळालाच तुटलं. उरलेला भार आजूबाजूचे स्नायू पेलतात. ते थकले की सगळं ओझं लिगामेंटवर. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपर १५ अंशांहून जास्त सरळ करता येत नाही, त्यामुळे ही दुखापत तिथे क्वचितच दिसते.

२५ सप्टेंबर १९७४ला डॉ. फ्रँक जोब यांनी जॉनच्या उजव्या हातातला 'पाल्मारिस लाँगस' या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढला. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा; मधोमध दोरीसारखा उठून दिसतो तो हाच. काहींना तो जन्मतः नसतो, आणि त्यांचं काही अडत नाही. दंडाच्या आणि पुढच्या हाताच्या हाडांत भोकं पाडून जोबनी तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ओवला.

खरी किमया त्यानंतरची. ओवलेल्या टेंडनमधल्या बहुतेक पेशी मरतात, कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचा सांगाडा तेवढा उरतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात आणि ओढ ज्या दिशेने पडेल त्या दिशेने धागे नव्याने रचतात. टेंडनचं हळूहळू लिगामेंट होतं! सप्लिमेंटच्या जाहिराती काहीही म्हणोत, याला वर्षभर किंवा जास्तच लागतं. त्या काळात खांदा, पाठ, पाय यांचा शिस्तीत व्यायाम होतो. नंतर कुणाचा वेग वाढलाच, तर श्रेय त्या मेहनतीचं.

जॉन १९७६मध्ये परतला, १९७७मध्ये त्याने २० सामने जिंकले आणि १९८९पर्यंत, वयाच्या ४६व्या वर्षापर्यंत, तो खेळला. त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.