जे सरळ वाटते ते सरळ असतेच असे नाही

गायन, वादन किंवा नृत्य शिकवताना एक प्रसंग वारंवार घडतो. विद्यार्थ्याची मान एका बाजूला कललेली असते, शिक्षक ती हलक्या हाताने मध्यावर आणतात, आणि विद्यार्थी म्हणतो, ‘‘आता मी तिरका झालो.’’ आरशात मान सरळ दिसत असते, तरीही आतली जाणीव ते मान्य करीत नाही, आणि आरसा दूर झाला की थोड्याच वेळात मान आपल्या जुन्या, ‘सरळ’ वाटणाऱ्या जागी परत जाते. यात विद्यार्थ्याचा हट्ट नसतो की आळसही नसतो. तो ज्या मोजपट्टीने स्वतःला मोजतो, ती मोजपट्टीच सवयीने वाकलेली असते. म्हणूनच कलावंताला शरीराची ठेवण शिकवण्याची सुरुवात ‘ताठ उभे राहा’ या सूचनेने करू नये, या मोजपट्टीपासून करावी, असे मला वाटते.

डोळे मिटले तरी आपला हात कोठे आहे, कोपर किती वाकले आहे, हे आपल्याला कळते. या जाणिवेला ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 साली ‘प्रोप्रिओसेप्शन’ असे नाव दिले. मराठीत तिला शरीरभान म्हणता येईल. स्नायूंच्या आत चातीच्या आकाराचे अतिसूक्ष्म संवेदक असतात आणि ते स्नायू किती ताणला गेला आहे व किती वेगाने ताणला जात आहे, हे मज्जासंस्थेला सतत कळवीत असतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांमधील दुसऱ्या प्रकारचे संवेदक स्नायू किती जोर लावतो आहे ते सांगतात. सांध्यांवरची ताणली जाणारी त्वचा, डोक्याचा कल आणि फिरणे ओळखणारा अंतर्कर्ण, आणि अर्थात डोळे, यांच्याकडूनही खबरी येत असतात. चातीसारखे हे संवेदक शरीरभर सारखे विखुरलेले नाहीत. कवटीच्या तळाशी, मानेच्या अगदी वरच्या भागात जे लहान स्नायू आहेत त्यांत त्यांची दाटी फार मोठी असते. त्यामुळे तेथे ताठरपणा आला की डोक्याच्या स्थितीविषयीची खबरच गढूळ होते.

या खबरींचा अर्थ मेंदू लावतो, आणि तो अर्थ चुकूही शकतो. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, डोळे बांधलेल्या माणसांच्या दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेवर वेगाने कंपने देण्यात आली. कंपनांमुळे संवेदक उत्तेजित झाले, मेंदूने ‘स्नायू लांबला आहे’ असा अर्थ घेतला, आणि माणसांना कोपर प्रत्यक्षात होते त्यापेक्षा पुष्कळ अधिक उघडल्यासारखे वाटले. पुढे 1988 साली वर्णन झालेल्या अशाच प्रयोगात लोकांनी त्याच हाताच्या बोटांनी आपले नाक धरले होते, तेव्हा काहींना आपले नाक लांब होत चालल्याची स्पष्ट जाणीव झाली. हात दूर जातो आहे आणि बोटे नाकावरच आहेत, या दोन खबरी जुळवायच्या तर नाक लांबवण्याखेरीज मेंदूला मार्ग उरला नाही. आपले शरीर आपल्याला जसे जाणवते, तसे ते जाणवणे हा एक अंदाज असतो, आणि वर्षानुवर्षांची सवय त्या अंदाजात मुरलेली असते.

याच चुकीने एका नटाला वाचा गमावण्याच्या काठावर नेले होते. फ्रेडरिक मॅथियास अलेक्झांडर (1869–1955) हा टास्मानियात जन्मलेला नट व वाचिक अभिनयाचा कलाकार. प्रयोगात त्याचा आवाज बसू लागला. विश्रांती घेतली की आवाज परत येई आणि प्रयोग सुरू झाला की पुन्हा जाई. यावरून त्याने साधा तर्क केला, की दोष गळ्यात नसून बोलताना आपण जे काही करतो त्यात असावा. आरशासमोर बोलून पाहिल्यावर त्याला तीन गोष्टी दिसल्या: तो डोके मागे खेचत होता, स्वरयंत्र खाली दाबत होता आणि तोंडाने आवाज करीत श्वास ओढत होता. डोके पुढे नेले की प्रश्न सुटेल, असे त्याला वाटले आणि ते आपण नेले आहे अशी त्याची खात्रीही झाली. पण बाजूंना आणखी आरसे लावल्यावर त्याला दिसले, की ज्या क्षणी डोके पुढे नेल्याची खात्री वाटत होती त्याच क्षणी ते मागे जात होते. मला हा त्याच्या शोधातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. आपल्याच जाणिवेविरुद्ध मिळालेला पुरावा मान्य करणे कलावंताला अवघड जाते, कारण त्याची सारी कला जाणिवेच्या भरवशावर उभी असते.

दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती अशी, की डोके मागे खेचले जाण्यासाठी बोलण्याचीही गरज नव्हती. बोलायचे ठरवले की मान आवळली जाई. पुढे प्रयोगशाळेत जे दिसले ते याच्याशी जुळणारे आहे. उभ्या माणसाने झटकन हात पुढे उचलला, तर खांद्याचा स्नायू कामाला लागण्याआधीच पायांचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागतात, हे सोव्हिएत संशोधकांनी 1967 साली दाखवले. हात उचलल्याने तोल पुढे जाणार हे मज्जासंस्थेला अनुभवाने ठाऊक असते, म्हणून ती आधीच तजवीज करते. हालचालीचा हेतू आणि शरीराची तयारी अशी एकत्र बांधलेली असल्यामुळे, तयारीत शिरलेली सवय केवळ हालचाल सुधारून जात नाही. अलेक्झांडरने यावर काढलेला उपाय म्हणजे थांबणे: बोलायचे ठरवायचे, पण लगेच बोलायचे नाही, त्या विरामात मान आवळली जाते का ते पाहायचे, आणि ती मोकळी असेल तेव्हाच पहिला शब्द उच्चारायचा. व्हायोलिनवादकाने गज तारेवर टेकण्यापूर्वी, नर्तकाने पहिले पाऊल उचलण्यापूर्वी हेच करून पाहावे.

पण आवळलेपण कळणार कसे? जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवले, की हातात मुळात वजन जितके जास्त, तितका त्यातला फरक जाणवण्यासाठी बदलही मोठा लागतो. हलक्या वजनातली छोटी भर लगेच कळते, जड वजनात तेवढीच भर पडली तर ती कळतही नाही. स्नायूंच्या श्रमालाही हाच नियम लावून भौतिकशास्त्राचे आणि ज्यूदोचे अभ्यासक मोशे फेल्डनक्राइस (1904–1984) यांनी आपल्या शिकवण्याची बैठक घातली: जोर कमी करा, हालचाल लहान आणि संथ करा, म्हणजे बारीक फरक जाणवू लागतील. गुडघे वाकवून, डोक्याखाली थोडा आधार घेऊन जमिनीवर पाठ टेकून पडणे याचसाठी उपयोगी पडते. तोल सांभाळण्याचे काम थांबले की पाठीचा कोणता भाग उगाच ताणलेला आहे ते ऐकू येऊ लागते.

शरीराचा मनातला नकाशाही तपासावा लागतो, आणि येथे बारकाईने पाहिल्याचे फळ लवकर मिळते. मान डोलावून होकार देताना डोके कोठून वाकते, असे विचारल्यास पुष्कळ जण मानेच्या मागचा खालचा भाग दाखवतात. प्रत्यक्षात कवटी आणि पहिला मणका यांचा सांधा कानांच्या पातळीजवळ, बराच वर आणि आत असतो. हे कळून डोके तेथून हलवले की मानेचा उरलेला भाग मोकळा राहतो. हाताचेही तसेच. धडाच्या हाडांशी हाताचा जो एकमेव हाडांचा सांधा आहे तो खांद्यात नसून, गळ्याखाली, गळपट्टीचे हाड छातीच्या मधल्या हाडाला मिळते तेथे असतो. हात खांद्यापासून सुरू होतो असे मानणारा वादक गळपट्टीचे हाड आणि खांद्याचे पाते नकळत जखडून ठेवतो. गायकांच्या बाबतीत फासळ्यांचा विसर पडतो. बारा जोड्यांतली प्रत्येक फासळी पाठीमागे मणक्याशी सांधलेली असते, म्हणजे श्वास घेताना पाठही हलायला हवी. छाती पुढे काढून ‘ताठ’ उभे राहणारा गायक नेमकी तीच हालचाल अडवतो.

हे सारे रियाजासाठी आहे. रंगमंचावर मात्र लक्ष सतत अवयवांवर ठेवले, तर सफाई बिघडू शकते. माणूस हालचाली कशा शिकतो याच्या अभ्यासक गाब्रिएले वुल्फ यांनी 1998 पासून केलेल्या अभ्यासांत, अंगाच्या हालचालीवर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा त्या हालचालीच्या बाहेर दिसणाऱ्या परिणामावर लक्ष ठेवणारे लोक अनेक कौशल्ये अधिक चांगली शिकताना आढळले. त्यामुळे खांदा पाहण्याची वेळ संथ सरावाची. प्रयोगात लक्ष नादाकडे, सहकलाकाराकडे, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणाऱ्या शब्दाकडे असावे.

अलेक्झांडरच्या पद्धतीविषयी पुरावे काय सांगतात, तेही स्पष्ट सांगायला हवे. जुनाट कंबरदुखीच्या 579 रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या पद्धतीचे 24 पाठ घेतलेल्यांचे वेदनेचे दिवस वर्षभरानंतरही बरेच कमी होते. संगीतकारांविषयीच्या अभ्यासांचा 2014 साली घेतलेला आढावा मात्र सावध आहे: प्रयोगापूर्वीची धास्ती कमी होत असावी असे त्यात दिसते, पण वादनाचा दर्जा, श्वसन आणि शरीराची ठेवण यांवरचा परिणाम ठामपणे सिद्ध झालेला नाही. दुखणे टिकून राहिले, बोटे बधिर झाली, किंवा वाजवतानाच बोटे आपोआप आत वळू लागली, तर ठेवण सुधारत न बसता डॉक्टरांना दाखवावे. यांतले शेवटचे लक्षण फोकल डिस्टोनिया या विकाराचे असू शकते. व्यावसायिक संगीतकारांपैकी सुमारे 1 टक्क्यांना तो होतो आणि अधिक जोराने सराव केल्याने तो बळावण्याचा धोका असतो.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. मोबाइल बाजूला, खांद्याच्या उंचीवर ठेवून आपल्या नेहमीच्या तुकड्याचे पहिले दहा सेकंद चित्रित करावेत, पण चित्रफीत पाहण्याआधी डोके, खांदे आणि गुडघे कसे होते ते कागदावर लिहून काढावे. मग दोन्ही ताडून पाहावेत. सुरुवातीला लिहिलेले आणि दिसलेले यांत मोठे अंतर निघते. आठवड्यातून दोनदा हे करीत राहिल्यास प्रथम डोक्याविषयीचे लिखाण जुळू लागते की खांद्याविषयीचे, हे प्रत्येकाला आपल्या कागदावरच वाचता येईल.