भिंतीत किती खोल? : गुदाशयाच्या कर्करोगातल्या सोनोग्राफीची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये गंगापूर रोडला जा नाहीतर नाशिक रोडला, सोनोग्राफी केंद्रात शिरताना पाटी दिसतेच : ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’. १९९४च्या कायद्यामुळे ती लावावी लागते. सोनोग्राफी म्हणजे गर्भारपण, फार तर मुतखडा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कर्करोगासाठी, तीही गुदद्वारातून प्रोब (ध्वनिलहरी सोडणारी दांडी) आत सरकवून सोनोग्राफी करायची म्हटल्यावर निफाड-सिन्नरहून आलेला पेशंट आणि त्याच्या घरचे गोंधळतात. तुकडा तपासून झाला, कर्करोग आहे हे कळलं, मग आता आणखी काय बघायचं?

बघायची असते खोली. गाठ गुदाशयाच्या भिंतीत किती आत गेली आहे, यावर पुढचं बहुतेक सगळं ठरतं.

हे महत्त्व लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये मांडलं. गाठ भिंतीतच असेल तर ए, भिंतीबाहेर गेली असेल तर बी, लसिका ग्रंथींत पोचली असेल तर सी. पण हे कळायचं गुदाशय कापून बाहेर काढल्यावर. ऑपरेशनआधी सर्जनकडे होतं ते स्वतःचं बोट, आणि बोट पोचेल तेवढंच कळणार.

उत्तर भलत्याच दिशेने आलं. जॉन वाइल्ड हे इंग्रज सर्जन. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत जखमी झालेल्यांची फुगलेली, निकामी झालेली आतडी त्यांनी पाहिली होती. पुढे अमेरिकेत मिनेसोटात गेल्यावर आतड्याच्या भिंतीची जाडी ध्वनिलहरींनी मोजता येईल का, हा ध्यास त्यांनी घेतला. त्यासाठी वापरलं नौदलाचं रडार शिकवायचं यंत्र. भिंतीचे थर वेगवेगळे प्रतिध्वनी देतात आणि गाठीचा प्रतिध्वनी निराळा असतो, हे त्यांना दिसलं. अभियंता जॉन रीड यांच्यासोबत १९५०च्या दशकात त्यांनी गुदाशयात घालायचा प्रोबही बनवला. म्हणजे ज्या तंत्राला आपण बाळाचं समजतो, त्याच्या मुळाशी आतड्याची भिंत आहे! मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

तरी दवाखान्यात ते रुळायला तीस वर्षं गेली. १९८५ मध्ये जर्मनीतल्या हिल्डेब्रांट आणि फायफेल यांनी गाठीची खोली सोनोग्राफीवरून लिहायची पद्धत सुचवली. प्रोबवरचा फुगा पाण्याने भरला की भिंत पाच पट्ट्यांत दिसते, पांढरी-काळी आलटून पालटून. मधली पांढरी पट्टी शाबूत असेल तर गाठ वरवरची. त्यापुढची काळी पट्टी स्नायूंची. ती ओलांडून गाठ बाहेरच्या चरबीत गेली की टी३ : टी म्हणजे ट्यूमर, गाठ, आणि आकडा तिच्या खोलीचा.

टी३ला इतकं वजन का, ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासातून स्पष्ट झालं. इतक्या पुढे गेलेल्या रोगात रेडिएशन आणि केमो ऑपरेशनआधी दिल्यास पाच वर्षांत त्याच जागी रोग उलटण्याचं प्रमाण ६ टक्के राहिलं, नंतर दिल्यास १३. पण थेट ऑपरेशन झालेल्यांपैकी १८ टक्के लोकांचा रोग प्रत्यक्षात आधीच्या तपासणीपेक्षा बराच कमी निघाला. गाठीभोवतीची सूज सोनोग्राफीत गाठीसारखीच दिसते, हे त्याचं एक मोठं कारण. शिवाय गाठीने वाट अरुंद केली असेल तर प्रोब पुढे जातच नाही.

त्यामुळे पुढे गेलेल्या रोगासाठी आज एमआरआय आधी सांगतात. लहान, वरवरच्या गाठीत मात्र सोनोग्राफीचा शब्द अजून चालतो. गाठ तेवढ्यापुरती काढून भागेल की सगळा गुदाशय काढावा लागेल, आणि पेशंट ज्याला सर्वांत जास्त घाबरतो ती शौचासाठीची पोटावरची पिशवी टळेल का, हे त्या एका पांढऱ्या पट्टीवर ठरू शकतं.

पण ही वेळ साधायला माणूस लवकर यावा लागतो. शौचातून रक्त पडलं की मूळव्याध समजून महिनोन् महिने चूर्ण घेत राहायची सवय आपल्याकडे अजून आहे. साधी बोटाने तपासणीही लाजेपोटी टळते.

रिपोर्टवर टीच्या आधी बारीक ‘यू’ (अल्ट्रासाउंडचा) असेल तर ती खोली सोनोग्राफीने सांगितलेली. ऑपरेशननंतर त्याच जागी ‘पी’ येतो, पॅथॉलॉजीचा, ड्यूक्स यांच्या टेबलावरचा. दोन्ही कागद एकाच फाइलला लावून ठेवा.