गाठ नसलेला स्तनाचा कर्करोग, मालिकेतला आणि खरा

टीव्हीवरच्या डॉक्टरी मालिकेत दाहक स्तन-कर्करोग आला की प्रसंग ठरलेला असतो. लालभडक सुजलेला स्तन, एक डॉक्टर म्हणतो जंतुसंसर्ग, दुसऱ्याला शंका येते. जाहिरातीनंतर रिपोर्ट आणि लगेच ऑपरेशन. चुकीच्या निदानापर्यंतची गोष्ट खरी आहे, पुढचा क्रम मात्र उलटा.

या आजारात बहुधा हाताला गाठ लागतच नाही. कर्करोगाच्या पेशी कातडीतल्या लसीकावाहिन्यांत (शरीरातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) अडकतात, द्रव तुंबतो आणि काही आठवड्यांत स्तन जड, गरम होतो. कातडी फुगते, पण केसांच्या मुळांशी ओढलेलीच राहते. म्हणून संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात. सावळ्या कातडीवर मेकअपवाल्यांची ती लाली शोधू नये. तिथे जांभळट, तपकिरी छटा दिसते, कधी नुसता जाडपणा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात याला ‘उष्णता’ म्हणून लेप लागतो. बाळ अंगावर पीत असेल तर ‘दूध साठलंय’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण साधा स्तनदाह अँटिबायोटिकने ७ ते १० दिवसांत उतरणीला लागतो. तसं झालं नाही, तर गोळ्यांचा दुसरा कोर्स घेत बसू नये. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बायोप्सी करावी. मॅमोग्राफीत कधी फक्त जाड झालेली कातडी दिसते. बारीक सुईने पेशी ओढून भागत नाही. जाड सुईने तुकडा लागतो, सोबत कातडीचाही. कातडीच्या तुकड्यात काही सापडलं नाही, तरी आजार नाही असं ठरत नाही. स्तनातून काढलेल्या तुकड्यावर ईआर, पीआर (कर्करोगाच्या पेशी संप्रेरकांना प्रतिसाद देतात का) आणि हर-२ (पेशी वाढवणारं एक प्रथिन जास्त आहे का) या तपासण्या होतात. त्यांना काही दिवस जातात.

निदान पक्कं झाल्यावरही शस्त्रक्रिया लगेच होत नाही. आधी काही महिने केमोथेरपी, हर-२ पॉझिटिव्ह असेल तर त्या प्रथिनावरचं औषध ट्रास्टुझुमॅबही. सूज ओसरली की संपूर्ण स्तन आणि काखेतल्या लसीका-गाठी काढतात, नंतर रेडिएशन. सुजलेल्या कातडीतूनच कापलं तर कडेला पेशी मागे राहतात.

सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. तिकडे किंवा मुंबईला जाताना फक्त रिपोर्टचा कागद नेऊ नका. पॅथॉलॉजी लॅबमधून मेणाचा ब्लॉक (तुकडा ज्या मेणात जपून ठेवतात तो) आणि स्लाइड (त्याचा काचेवरचा पातळ काप) मागून घ्या. फेरतपासणी त्यांच्यावरच होते. नसतील, तर पुन्हा सुई टोचावी लागू शकते.