पोट नसलेला बेस उभा कसा राहतो : इलेक्ट्रिक उभ्या बेसच्या आधाराची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक उभा बेस, म्हणजे डबल बेसचा विजेवर वाजणारा बारीक अवतार, घ्यायला निघालेला वादक आधी आवाज, तारा आणि पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) यांची चौकशी करतो आणि तो कशावर उभा राहणार हा प्रश्न शेवटी विचारतो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण या वाद्याच्या सुमारे नव्वद वर्षांच्या घडणीत कारागिरांना सर्वांत जास्त छळलेला प्रश्न आधाराचाच आहे. त्याचे मूळ शोधायचे तर मूळ लाकडी डबल बेसकडे जावे लागते.

डबल बेस माणसाएवढा उंच आणि साधारण दहा किलो वजनाचा असतो, तरी उभ्याने वाजवणाऱ्याला तो उचलून धरावा लागत नाही. बुडाची दांडी, म्हणजे एंडपिन, जमिनीवर टेकते. वाद्याच्या पाठीची वरची कड वादकाच्या पोटाच्या डाव्या बाजूला विसावते, आणि खालच्या फुगीर भागाला आतून डाव्या गुडघ्याचा हलका आधार मिळतो. जमीन, पोट आणि गुडघा या तीन ठिकाणी भार वाटला गेला की डावा हात पूर्ण मोकळा होतो. अंगठा मानेच्या मागे नुसता टेकलेला राहतो आणि बोटे तारेवर वरखाली सरकू शकतात. या वाद्याच्या मानेवर स्वराची जागा ठरवून देणारे पडदे नसतात, त्यामुळे हाताचे हे मोकळेपण सुरेलपणासाठी अत्यावश्यक आहे. म्हणजे डबल बेसचे ते भले थोरले पोट नाद घुमवण्याइतकेच वाद्य तोलण्याचेही काम करत असते, आणि हे दुसरे काम ते इतके निमूटपणे करते की ते पोट काढून टाकेपर्यंत कोणाच्या लक्षातच आले नाही.

एंडपिनचा इतिहासही बोलका आहे. चेलो हे डबल बेसपेक्षा लहान वाद्य पूर्वी पोटऱ्यांमध्ये दाबून धरत. त्याला जमिनीवर टेकणारी दांडी रूढ करण्याचे श्रेय बेल्जियन वादक आद्रियाँ-फ्राँस्वा सर्वे (१८०७–१८६६) यांना दिले जाते, आणि त्यांचा १७०१चा स्ट्रॅडिव्हरी चेलो नेहमीपेक्षा मोठ्या आकाराचा होता हे त्यामागचे एक कारण सांगतात. डबल बेस मात्र आकारामुळे आधीपासूनच जमिनीवर टेकलेला होता. पुढे त्याला उंची कमी-जास्त करता येणारी धातूची दांडी मिळाली.

१९३०च्या दशकात अमेरिकेत विजेचा बेस घडू लागला आणि आधाराचा प्रश्न उघडा पडला. आवाज पिकअप आणि अॅम्प्लिफायर देणार असतील तर पोकळ पोटाची गरज उरत नाही. वाद्य काठीसारखे बारीक झाले तरी चालते. पण काठीला टेकायला जागा कुठे? रिकेनबॅकर कंपनीच्या इलेक्ट्रो बेस-व्हायोलने वाद्य थेट अॅम्प्लिफायरच्या पेटीवर बसवले, म्हणजे पेटी हाच पाया ठरला. सिअॅटलच्या पॉल टुटमार्क यांनी आधी उभ्या विजेच्या बेसचा प्रयोग केला आणि १९३६च्या सुमारास ऑडिओव्हॉक्स ७३६ हा पडदे असलेला, गिटारसारखा आडवा धरायचा बेस बनवला. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला आणि जगातील बहुसंख्य बेसवादकांनी आधाराचा प्रश्न खांद्यावरच्या पट्ट्याने सोडवून टाकला. मात्र त्यासाठी तारेची बोलती लांबी, म्हणजे कंप पावणाऱ्या भागाची लांबी, सुमारे १०६ सेंटीमीटरवरून ८६ वर आली, आणि त्या लांब तारेचा, पडदे नसलेल्या पट्टीवरचा स्वर ज्यांना हवा होता ते उभ्या वाद्यापाशीच राहिले.

त्याच सुमारास एंडपिनला एक अनपेक्षित मान मिळाला. एव्हरेट हल आणि स्टॅन्ली मायकल्स यांनी १९४६ मध्ये डबल बेसच्या एंडपिनच्या आतल्या टोकावर, वाद्याच्या पोकळीत, मायक्रोफोन बसवण्याची युक्ती काढली. ‘अॅम्प्लिफाइड पेग’वरून अॅम्पेग हे कंपनीचे नाव पडले. एका नामवंत कंपनीचे नाव या आधाराच्या दांडीवरून पडले, ही गोष्ट मला फार आवडते. याच अॅम्पेगने १९६२ मध्ये झॉर्को या आधीच्या विजेच्या उभ्या बेसचा वारसा घेऊन बेबी बेस बाजारात आणला. त्याचे प्लास्टिकचे पोकळ शरीर जवळपास चेलोएवढे, पण तारांची लांबी मात्र डबल बेसची. पोट लहान असले तरी अंगाला टेकवायला कड शिल्लक होती, आणि खाली एक दांडी. न्यूयॉर्कच्या लॅटिन संगीताने हे वाद्य आपलेसे केले. लॅटिन जॅझचे बेसवादक अँडी गोन्झालेझ यांच्या हातात ते असले की वादक आणि वाद्य एकत्र डोलताना दिसत.

नंतरचे बेस आणखी बारीक झाले. जर्मन वादक एबरहार्ड वेबर यांनी १९७०च्या दशकापासून पाच तारांच्या इलेक्ट्रिक उभ्या बेसवर गज आणि बोटे दोन्ही वापरून आपला स्वतंत्र नाद घडवला. बारीक वाद्याची खरी अडचण गजानेच कळते. एकाच दांडीवर उभी असलेली काठी त्या दांडीभोवती गरकन फिरते. कडेच्या तारेवर गज दाबला की वाद्य वळू लागते, वादक नकळत डाव्या हाताने मान घट्ट पकडतो, आणि अंगठा दुखण्याआधी स्वर ढळतो. म्हणून नुसत्या दांडीला दुसरा टेकू जोडावा लागला. यामाहाच्या सायलेंट बेसमध्ये बाजूला डबल बेसच्या कडेच्या आकाराची सुटी चौकट येते, ती याचसाठी: आवाजाशी तिचा संबंध नाही, पोटाला आणि गुडघ्याला ओळखीची जागा मिळावी एवढाच तिचा हेतू. रोज लाकडी वाद्यही वाजवणाऱ्याने हीच रचना घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याचा हात स्वराची जागा अंगाच्या संदर्भाने शोधत असतो.

दुसरा मार्ग तिवईचा. नेड स्टाइनबर्गर यांनी १९९०मध्ये स्थापलेल्या एनएस डिझाइनच्या उभ्या बेसांसोबत ती विशेष परिचित झाली. तिवईवर वाद्य आपले आपण उभे राहते, वादक हात सोडून पान उलटू शकतो, आणि आडव्या बेसवरून आलेल्याला पहिल्याच दिवशी दोन्ही हात मोकळे मिळतात. पण वाद्य जागेवर खिळते आणि वादकालाच त्याच्याकडे जावे लागते. अरुंद रंगमंचावर पसरलेल्या तीन पायांना कोणाचा तरी पाय लागतोच. त्याच कंपनीने आखूड तारेच्या बेसला पट्टाही दिला. त्याने चालता-फिरता येते, पण भार पुन्हा खांद्यावर येतो आणि गजासाठी लागणारी स्थिरता कमी होते.

आधार कोणताही निवडला तरी उंचीचे जुने माप अजून लागू पडते: सरळ उभे राहिल्यावर तारा जिथे खुंट्यांकडे वळतात ती वरची पट्टी साधारण भुवईच्या रेषेत यावी. दांडी असेल तर तिचा स्क्रू हाताने पक्का आवळून, वाद्यावर थोडा भार देऊन ती खाली घसरत नाही ना हे पाहावे आणि टोकाचे रबर झिजले असेल तर बदलावे. गुळगुळीत फरशीवर झिजलेले रबर पहिल्याच लांब गजाला सरकते.