पाँ द्यु गार

पाँ द्यु गार : फ्रान्सच्या दक्षिण भागातील गार्दाँ नदीवरचा रोमनकालीन तीन मजली दगडी जलसेतू. ऑक्सितानी प्रदेशातील गार या जिल्ह्यात, नीम शहराच्या ईशान्येस तो उभा आहे. त्याची उंची सुमारे ४९ मी. असून रोमन जगातील जे जलसेतू आज शिल्लक आहेत, त्यांत हा सर्वांत उंच होय. १९८५ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. छायाचित्रांमुळे तो जगभर ओळखला जातो, परंतु बांधणाऱ्यांच्या दृष्टीने हा पूल म्हणजे सुमारे ५० किमी. लांबीच्या एका पाटाने नदी ओलांडण्याची जागा, एवढेच त्याचे स्थान होते. त्या पाटाची गोष्ट समजली की पुलाचे मोल कळते. नुसत्या कमानी पाहून ते कळत नाही.

नीम हे रोमन काळात नेमाउसस या नावाने ओळखले जाई. ज्या झऱ्याच्या दैवतावरून शहराला हे नाव पडले, तो झरा शहरातच होता. लोकवस्ती वाढली, सार्वजनिक स्नानगृहे आणि कारंजी झाली, तेव्हा त्या एका झऱ्याचे पाणी अपुरे पडू लागले. भरपूर आणि बारमाही पाणी सापडले ते युझेस गावाजवळच्या अर झऱ्यांपाशी. सरळ रेषेत मोजले तर हे अंतर २० किमी.च्या आसपास भरते, पण मध्ये खुरट्या झुडपांनी भरलेले चुनखडीचे डोंगर आडवे येतात. त्यांना पूर्वेकडून वळसा घालावा लागल्याने पाटाची लांबी अडीच पटींनी वाढली.

खरी अडचण लांबीची नव्हती, उताराची होती. झरे आणि नीममधील हौद यांच्या पातळीत फरक फारच थोडा. ५० किमी.च्या वाटेवर पाटाचा एकूण उतार अवघा साडेबारा मीटरांच्या आसपास आहे, म्हणजे सरासरीने एका किलोमीटरला २५ सेंमी. काही टप्प्यांत तर तो किलोमीटरला ७ सेंमी. इतका कमी होतो. कोठे एक वीत चूक झाली असती तरी पाणी तुंबले असते किंवा पाटाबाहेर सांडले असते. रोमन मोजणीदारांकडे पाण्याची पातळी दाखवणारी लाकडी घोडी, ओळंबा आणि दोरी यांपलीकडे फारशी साधने नव्हती. पुलाची भव्यता सर्वांना दिसते. पण माझ्या मते या कामातले सर्वांत मोठे कौशल्य या मोजणीत आहे, आणि ते जमिनीखाली दडलेले आहे.

उतार सगळीकडे सारखा ठेवलेला नाही, यामागेही विचार होता. झऱ्यापासून नदीपर्यंतच्या टप्प्यात तो मुद्दाम जास्त ठेवला आणि नदी ओलांडल्यावर कमी केला. त्यामुळे पाट नदीपाशी येईपर्यंत बराच खाली उतरला आणि पूल तेवढा ठेंगणा बांधता आला. उतार एकसारखा ठेवला असता तर पुलाची उंची आणखी सुमारे ६ मी.नी वाढवावी लागली असती. आधीच ४९ मी. उंचीला पोहोचलेल्या बांधकामात ही बचत मोठी होती.

पाटाचा बराचसा भाग जमिनीत चर खणून, त्यात दगडी बांधकाम करून आणि वरून झाकून नेलेला आहे. सेर्नाक गावाजवळ डोंगर फोडून बोगदे काढले असून त्यांच्या भिंतींवर टिकावांचे घाव आजही दिसतात. पाटाची रुंदी सुमारे १.२ मी. आणि उंची सुमारे १.८ मी. म्हणजे दुरुस्तीसाठी माणूस आत उतरून चालू शकेल इतकी होती. आतून विटांचा चुरा मिसळलेल्या चुन्याचा गिलावा आणि त्यावर एक तांबडा लेप दिलेला असे. भिजवलेला चुना, डुकराची चरबी आणि कच्च्या अंजिराचा चीक यांपासून हा लेप करत. भिंतीतून पाणी झिरपू नये हा त्यामागील हेतू.

पुलाच्या तळमजल्यावर ६ कमानी, मधल्या मजल्यावर ११ आणि वरच्या मजल्यावर आज ३५ लहान कमानी आहेत. वरच्या कमानी मूळच्या ४७ होत्या. त्यांपैकी १२ कमानींचे दगड लोकांनी नंतरच्या काळात काढून नेले. तळमजल्याची लांबी १४२ मी., मधल्याची २४२ मी. आणि वरच्या मजल्याची आजची लांबी २७५ मी. आहे. नदीच्या मुख्य प्रवाहावरील कमानीचा गाळा २४.५ मी. असून रोमन बांधकामात एवढा मोठा गाळा क्वचितच आढळतो. पाणी जाई ते सर्वांत वरच्या मजल्यावरून.

दगड जवळचाच, नदीच्या खालच्या अंगाला सुमारे ७०० मी. अंतरावरच्या खाणीतला. तो पिवळसर, शंखशिंपल्यांचे अवशेष असलेला चुनखडीचा दगड आहे. खालच्या दोन मजल्यांत चुना वापरलेलाच नाही. काही चिरे ६ टनांपर्यंत वजनाचे आहेत; ते अचूक घडवून एकमेकांवर बसवले आणि स्वतःच्या भाराने घट्ट राहिले. चिरे वर चढवण्यासाठी माणसांनी पायांनी फिरवायच्या चाकांच्या याऱ्या वापरत. अनेक चिऱ्यांवर गवंड्यांच्या खुणा कोरलेल्या आहेत. कमानीचा कोणता चिरा कोणत्या जागी बसवायचा याच्या त्या नोंदी : ‘डावा दर्शनी भाग, क्रमांक तीन’ अशा अर्थाची लॅटिन आद्याक्षरे आणि आकडे आजही वाचता येतात. भिंतीतून जागोजागी बाहेर आलेले दगडी टेकेही पाहणाऱ्याच्या लक्षात येतात. बांधकामाच्या वेळी परांच्या आणि कमानींचे लाकडी साचे त्यांवर टेकवले होते. काम संपल्यावर ते छाटले नाहीत. पुढील दुरुस्तीच्या वेळी त्यांचा उपयोग झाला.

वरून पाहिले असता पूल किंचित वाकलेला दिसतो. पुराच्या लोंढ्याला तोंड देण्यासाठी रोमन अभियंत्यांनी हा बाक मुद्दाम ठेवला, असे पुष्कळ काळ मानले जाई. १९८९ मध्ये झालेल्या सूक्ष्म मोजणीने ही समजूत खोटी ठरवली. उन्हाने दगड प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो. ही हालचाल दिवसाला ५ मिमी.च्या आसपास असते आणि शतकानुशतके होत राहून तिचाच हा बाक झाला.

पुलाचा काळ पूर्वी इ. स. पू. १९ हा धरत आणि त्याचे श्रेय सम्राट ऑगस्टसचा जावई अग्रिप्पा याला देत. उत्खननात मिळालेल्या मातीच्या भांड्यांवरून आणि नाण्यांवरून आता तो इ. स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यातला, क्लॉडियस सम्राटाच्या सुमाराचा मानतात. ज्याने हे काम आखले, त्या अभियंत्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही.

झऱ्यापासून शहरात पोहोचायला पाण्याला २४ ते ३० तास लागत. दिवसाला ३० ते ४० हजार घनमीटर पाणी येत असावे असा अंदाज आहे. ते नीममधील वाटप-हौदात पडे. हा गोल हौद १८४४ मध्ये सापडला आणि तो पुलाइतकाच पाहण्यासारखा आहे. त्याचा व्यास साडेपाच मीटरांच्या आसपास, आणि समोरच्या भिंतीत सुमारे ४० सेंमी. व्यासाची दहा गोल भोके एका ओळीत आहेत. त्यांत शिशाचे नळ बसवून पाणी शहराच्या निरनिराळ्या भागांकडे सोडत. हौदाच्या तळाशीही निचऱ्याची भोके आहेत. रोमन शहरातील पाणीवाटपाची अशी जागा इतक्या चांगल्या स्थितीत फार थोड्या ठिकाणी उरली आहे, तरी पुलाकडे लोटणाऱ्या प्रवाशांपैकी फारच थोडे इकडे वळतात.

अर झऱ्यांच्या पाण्यात चुन्याचे प्रमाण जास्त. त्याचा थर पाटाच्या भिंतींवर साचत जाई आणि तो वेळोवेळी खरवडून काढावा लागे. चौथ्या शतकापासून देखभाल ढिली पडली. थर वाढत जाऊन काही ठिकाणी प्रत्येक भिंतीवर ४६ सेंमी.पर्यंत जाड झाला, म्हणजे पाटाची अर्ध्याहून जास्त रुंदी त्याने गिळली. मुळे, दगड, माती यांनी उरलेली वाट अडवली. सहाव्या शतकाच्या सुमारास पाणी नीमला पोहोचणे बंद झाले असावे. पुढे आसपासच्या गावकऱ्यांनी हा साचलेला चुन्याचा थरसुद्धा बांधकामाचा दगड म्हणून कापून नेला.

पाणी थांबले तरी पूल राहिला, कारण लोकांना नदी ओलांडायला त्याचा उपयोग होत होता. मधल्या मजल्याचे खांब एका बाजूने तासून माणसांना आणि जनावरांना जाण्यापुरती वाट करण्यात आली, आणि तिच्यावर स्थानिक सत्ताधारी जकात घेत. सतराव्या शतकातील धर्मयुद्धांच्या वेळी प्रॉटेस्टंट पक्षाचा सेनापती ड्यूक ऑफ रोआं याने तोफा नेण्यासाठी हे खांब आणखी कोरले; काही खांबांची एक तृतीयांश जाडी गेली. ज्या उपयोगाने पूल वाचला, त्यानेच तो कोसळण्याच्या बेतात आला. १७०३ मध्ये लांगदॉक प्रांताच्या सभेने डागडुजी करून घेतली. १७४३ ते १७४७ या काळात अभियंता आंरी पितो याने तळमजल्याला लागूनच रस्त्याचा स्वतंत्र पूल बांधला आणि रोमन खांबांवरचा भार दूर केला. प्रवाहाचा वेग मोजणारी पिटो नळी याच पितोच्या नावाने ओळखली जाते. त्याने आपल्या कमानी रोमन कमानींच्या मापाशी इतक्या जुळवून घेतल्या की खालच्या अंगाने पाहणाऱ्याला दोन बांधकामांमधला सांधा चटकन लक्षात येत नाही.

एकोणिसाव्या शतकात पूल पुन्हा धोक्यात होता. १८३५ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक आणि लेखक प्रॉस्पेर मेरिमे याने त्याची पाहणी केली, आणि १८४० मध्ये फ्रान्समधील संरक्षित वास्तूंच्या पहिल्या यादीत तो आला. तिसऱ्या नेपोलियनच्या भेटीनंतर १८५५ ते १८५८ या काळात वास्तुविशारद शार्ल लेने याच्या देखरेखीखाली मोठी दुरुस्ती झाली : झिजलेले चिरे बदलले, तासलेले खांब भरून काढले. २००० सालच्या सुमारास वाहने बंद करून परिसर पायी येणाऱ्यांसाठी राखण्यात आला आणि जवळ संग्रहालय उभारले.

गार्दाँ नदीला अचानक महापूर येतात. १९५८ मध्ये पाण्याने तळमजला पूर्ण बुडवला, खालच्या अंगाचे इतर पूल वाहून गेले, हा टिकला. सप्टेंबर २००२ च्या पुरात परिसराची मोठी हानी झाली, पुलाची नाही.

पितोने माँपेल्ये शहरासाठी १७५३ नंतर बांधलेल्या सँ क्लेमाँ जलसेतूच्या कमानींवर पाँ द्यु गारची छाप उघड दिसते. त्याहून मोठे उदाहरण रोकफावूरच्या जलसेतूचे. १८३० च्या दशकातील दुष्काळ आणि पटकीची साथ यांनंतर मार्सेय शहराने द्युराँस नदीचे पाणी कालव्याने आणायचे ठरवले. फ्राँस्वा मायोर द माँत्रिशे या अभियंत्याने त्या कालव्यासाठी आर्क नदीच्या दरीवर, १८४७ मध्ये, ८३ मी. उंचीचा तीन मजली दगडी जलसेतू पूर्ण केला. रचना गारच्या पुलाची, उंची त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट. हा कालवा अजूनही वापरात असून मार्सेयच्या पाणीपुरवठ्यात त्याचा वाटा आहे.