कोंबड्यांचे सांडलेले खाद्य : उघड्या आवारातील नासाडी व प्रतिबंध

खुराड्याला लागून असलेल्या जाळीबंद आवारात कोंबड्या खाताना जे खाद्य खाली सांडते, ते ओल लागून आंबते, कुजते किंवा बुरसते. ते कमी सांडावे, सांडलेले कोरडे राहावे आणि ओले झालेले कोंबड्यांच्या चोचीला लागू नये, यासाठी करावयाच्या उपायांचा समावेश या विषयात होतो.

सांडणे हा कोंबडीच्या खाण्याच्या रीतीचाच भाग आहे. ती निवडून खाते. भरड्यातला जाड कण हवा असला की चोच आडवी फिरवून बारीक चुरा बाजूला उडवते आणि पाय पोचत असेल तर पात्रातही नखांनी उकरते. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. प्रत्येकीने रोज १० ग्रॅम जरी उडवले, तरी दहा कोंबड्यांच्या आवारात आठवड्याला ७०० ग्रॅम खाद्य मातीत जाते.

कोरडे खाद्य टिकते ते त्यातला ओलावा कमी, साधारण १३ टक्क्यांच्या आत असतो म्हणून. जमिनीची ओल, पागोळ्यांचे पाणी, दव किंवा पाणभांड्यातले शिंतोडे लागले की उबदार हवेत एकदोन दिवसांतच बुरशी धरू शकते. भरडा सर्वांत लवकर बिघडतो, कारण तो पाणी शोषून माती आणि विष्ठेबरोबर एकजीव होतो. गोळीखाद्य फुगून फुटते. अख्खे धान्य जास्त टिकते. त्याला नुसते मोड आले तर बिघडत नाही, कोंबड्या ते आवडीने खातात.

फसवणूक होते ती वरच्या थरामुळे. पात्राखाली साचलेला भरडा उन्हाने वरून वाळतो आणि त्याची खपली बनते. ती खपली बोटाने उचलून पाहावी: खालची बाजू काळपट, चिकट, आंबूस वासाची असते, तिच्यात पांढरे तंतू पसरलेले असतात आणि कधी अळ्या वळवळताना दिसतात. वरून पाहणाऱ्याला मात्र ती जागा कोरडी आणि स्वच्छ वाटते.

बुरसलेले खाद्य वाळवून पुन्हा घालण्याचा मोह होतो, पण तो टाळलाच पाहिजे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. कारण शोधता शोधता खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी आणि ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीपाशी तपास पोचला. तिच्या विषाला त्यावरूनच ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव पडले. ते यकृताला इजा करते, रोगप्रतिकारशक्ती घटवते आणि अंड्यांचे प्रमाण कमी करते. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, तयार झालेले विष तसेच राहते. प्रत्येक बुरशीत विष असतेच असे नाही, परंतु नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. शिवाय बुरशीचे बीजाणू श्वासातून फुप्फुसांत जातात. ओलसर, उबदार जागेत कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाची अंडपुटीही (रोगजंतूची विष्ठेतून बाहेर पडणारी कवचबंद अवस्था) पक्व होऊन संसर्गक्षम बनते. आणि कोंबड्या तर नेमक्या त्याच जागी टोचत असतात.

खरा प्रतिबंध पात्रापाशीच होतो. पात्राची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यावी आणि ते एकतृतीयांशाहून फार अधिक भरू नये. काठोकाठ भरलेले पात्र म्हणजे सांडण्याला निमंत्रणच. भरड्याऐवजी गोळीखाद्य दिले तर निवडून उडवणे बरेच घटते. पात्रावरचे छप्पर तिरप्या पावसाचा विचार करून पात्राहून पुष्कळ रुंद ठेवावे आणि पात्र वळचणीच्या रेषेत कधीच टांगू नये. चोचीला लागलेला भरडा पाणी पिताना गळतो, म्हणून पाणभांडे काही पावले दूर असावे. भिजवलेले खाद्य उथळ ताटलीत, काही वेळात संपेल इतकेच द्यावे आणि उरलेले लगेच उचलावे.

पात्राखालच्या जमिनीबाबत मतभेद आहेत. तूस किंवा लाकडाच्या भुशाची जाड गादी कोरडी असेपर्यंत उत्तम, कारण कोंबड्या ती उकरून सांडलेला दाणा वेचतात. भिजली की तीच गादी कुजके खाद्य लपवते. वाळूतून पाणी चटकन निचरते, पण चुरा खाली झिरपतो. उघड्या आवारात थोडी उंच, झाडता येईल अशी फरशी सर्वांत भरवशाची ठरते, कारण तिच्यावर काय सांडले ते दिसते.

झाडण्याची वेळ संध्याकाळची, कोंबड्या खुराड्यात जाण्याच्या सुमारास. रात्रभर पडलेला दाणा उंदीर-घुशींना बोलावतो आणि त्यांच्यामार्फत साल्मोनेलासारखे जंतू आवारात येतात. कोरडा, स्वच्छ चुरा चाळून त्याच दिवशी परत घालता येतो. ओला झालेला आणि वासाचा चुरा कोंबड्या पोचणार नाहीत अशा झाकलेल्या खतखड्यात टाकतात. जुनी, आंबलेली जागा असेल तर वास जाईपर्यंत मातीचा वरचा थर खरवडून काढावा आणि ती जागा उन्हाने पूर्ण वाळेपर्यंत पात्र दुसरीकडे हलवावे.