माळकरी (बेळगाव सीमाभाग)

गळ्यात तुळशीची माळ घालून वारकरी आचार पाळणारा स्त्री किंवा पुरुष. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी भाषक गावांत माळकऱ्याला वेगळा मान असतो. आडनावापेक्षा ‘माळकरी’ हीच ओळख पुष्कळांना चिकटते.

माळ एखाद्या महाराजांच्या हातून, बहुधा ज्ञानेश्वरीला लावून घालतात. तिच्यासोबत नेम येतात: मांस आणि दारू वर्ज्य, एकादशीचा उपवास, रोजचा हरिपाठ, खोटे न बोलणे, परस्त्री मातेसमान मानणे आणि पंढरीची वारी. यांतली वारीच या भागात सर्वांत अवघड. आषाढीला भाताची रोप लावणी चालू असते, कार्तिकीला सुगी. त्यामुळे वारकरी निघतो तेव्हा त्याच्या म्हशींची धार कोणीतरी काढत असते. वारीच्या पुण्यात या मागे राहिलेल्यांचा वाटा मोठा आहे, तो सहसा मोजला जात नाही.

या आचरणामागचा विचार गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाचा. श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे इतर वागतात, म्हणून आपल्याला काही मिळवायचे उरले नसले तरी कर्म सोडू नये, असे तेथे सांगितले आहे. ज्ञानेश्वरीत (1290) तेच असे येते: ‘एथ वडील जें जें करिती । तया नाम धर्मु ठेविती । तेंचि येर अनुष्ठिती । सामान्य सकळ ॥’ माळकऱ्याने उपदेश करावा अशी गावाची अपेक्षा नसते. त्याने चुकू नये एवढीच असते. बांधाचा तंटा असो की उधारीचा व्यवहार, माळ घातलेल्याकडे बोट आधी जाते. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण अशाच वेळी ऐकू येते, आणि काही वेळा ती खरीही असते.

सेवेची परीक्षा सप्ताहात होते. सात दिवस ज्ञानेश्वरीचे पारायण, पहाटे काकडा, रात्री कीर्तन आणि शेवटी काल्याचा महाप्रसाद. वीणा धरायला, पंगतीत वाढायला माणसे मिळतात. उष्ट्या पत्रावळ्या उचलायला मात्र जुने माळकरीच आधी वाकतात. धोतराचा सोगा कमरेला खोचलेला म्हातारा पत्रावळ्या गोळा करू लागला की शेजारची पोरे आपोआप बादली धरतात. शाळेत कन्नड शिकणारी मुलेही पारायणामुळे मराठी ओवी वाचायला शिकतात, हा या सोहळ्याचा सीमाभागातला आणखी एक परिणाम.

वारकरी नसलेल्या परंपरांतही हाच धागा दिसतो. पंत महाराज बाळेकुंद्रीकर (1855–1905) हे अवधूत संप्रदायातले. त्यांनी बेळगावात शिक्षकाची नोकरी केली आणि संसारात राहूनच साधना केली. ‘दत्तप्रेमलहरी’ ही त्यांची पदे आजही भजनांत म्हटली जातात.

नेमाचा खरा कस महालक्ष्मीच्या यात्रेत लागतो. गावभर बकरी पडतात, पाहुण्यांनी घर भरते आणि मटण नसेल तर जावई रुसतो. काही माळकरी घरांत पुरणपोळीवर भागवतात. काही घरांत मुलगे मटणाची चूल मागच्या परड्यात मांडतात, भांडी वेगळी ठेवतात, आणि माळकरी बाप त्या दिवशी देवळात जेवतो. अशा तडजोडीला कर्मठ मंडळी नाके मुरडतात, पण घर न मोडता नेम टिकवण्याची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.